साठ मिनिटांचा राजपुत्र आणि लोंबत्या नाडीचा सुपरमॅन

२०२५ च्या मार्च महिन्यातील एका दुपारी आम्ही दोघे नाशिकच्या एका चित्रपटगृहात 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' पाहावयास गेलो. आम्ही दोघे म्हणजे एकाच महाविद्यालयाच्या मराठी विभागात सतरा-अठरा वर्षे एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसणारे अध्यापक. वयाची चाळिशी ओलांडलेली, शिक्षण मराठीत एम. ए., आणि चित्रपटाविषयी मत देण्याचा अधिकार कोणत्याही प्रेक्षकाला असतो तेवढाच. दुपारच्या त्या खेळाला आमच्यासह मोजून अकरा माणसे होती. रीमा कागती यांनी दिग्दर्शित केलेला आणि वरुण ग्रोव्हर यांनी लिहिलेला हा चित्रपट आमच्याच जिल्ह्यातील मालेगावचे नासिर शेख आणि त्यांचे मित्र यांची गोष्ट सांगतो. यंत्रमागांच्या गावात राहून, हाताशी काहीही नसताना, स्वतःचा सुपरमॅन उभा करणाऱ्या माणसांची ती गोष्ट आहे.

बाहेर पडल्यावर आमचे बोलणे मालेगावविषयी व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात चहाच्या टपरीवर तासभर आम्ही बोललो ते लहानपणी संगणकावर खेळलेल्या खेळांविषयी. डेव्ह, मारिओ आणि मुख्य म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. चाळिशीतील माणसांना स्मरणरंजनाची लहर येते, तशीच ही एक, असे आम्ही त्या वेळी म्हणालो. ती एक पळवाट होती, हे घरी पोहोचल्यावर लक्षात आले. कशापासून पळत होतो ते सांगण्यासाठीच हा लेख आहे. पण तिथवर जायचे तर आधी राजपुत्राच्या वाटेनेच जावे लागेल.

आमच्यापैकी एक जण नाशिकरोडचा. वडील प्रेसमध्ये कामाला. नाशिकरोडला 'प्रेस' म्हटले की नोटा छापणारा छापखाना, हे वेगळे सांगावे लागत नाही. १९९४ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांनी त्याला संगणकाच्या क्लासला घातले. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसून आत जायचे, धूळ बसू नये म्हणून संगणकावर घातलेले कापड देव्हाऱ्यावरच्या वस्त्रासारखे हळूच उचलायचे, असा सगळा सोवळ्याचा प्रकार होता. शिकवायचे डॉस, वर्डस्टार आणि लोटस. ते शिकून झाले की शेवटची पंधरा मिनिटे खेळासाठी. एका संगणकासमोर दोन मुले. त्यामुळे कळांची वाटणी होई: एकाकडे बाणांच्या कळा, दुसऱ्याकडे शिफ्टची. धावायचे एकाने, तलवार चालवायची दुसऱ्याने. खड्ड्यात पडल्यावर भांडायचे दोघांनी.

आमच्यापैकी दुसऱ्याचे बालपण सटाण्याचे. संगणक पाहायचा तर सुट्टीत मालेगाव कॅम्पात मावशीकडे जावे लागे. मावसभाऊ जिथे शिकायला जाई त्या क्लासमध्ये चिकाटीने मागे उभे राहिले की कधीतरी खुर्ची मिळे. तिथेही सव्वापाच इंची फ्लॉपीवर तोच राजपुत्र होता. या गावातून त्या गावात तो कसा जाई, कोण कोणाला फ्लॉपी देई, याचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. लोककथा जशी तोंडातोंडी फिरते आणि मूळ सांगणारा कोणाला ठाऊक नसतो, तसा तो फिरत होता. 'प्रिन्स' या शब्दापुढे 'मेगाहिट' टाइप केले की पातळ्या ओलांडून पुढे जाता येते, हे गुपितही असेच नाशिकरोडला आणि मालेगावला एकाच सुमारास पोहोचलेले होते.

ज्यांनी तो खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दुष्ट वजीर जाफर राजकन्येला एका तासाची मुदत देतो: माझ्याशी लग्न कर, नाहीतर मर. वाळूचे घड्याळ उलटे होते. तळघरात पडलेल्या नायकाजवळ आरंभी तलवारही नसते. साठ मिनिटांत त्याने सगळा वाडा चढून वर पोहोचायचे. वाटेत पायाखालून निसटणाऱ्या फरश्या, जमिनीतून उसळणारे भाले, कातरीसारखे मिटणारे जबडे, पहारेकरी. काही बाटल्यांतील औषधाने जीव वाढतो, काहींतील विषाने घटतो. कोणती बाटली कसली हे रंगावरून ओळखायचे. आमच्या क्लासमध्ये रंगीत मॉनिटर एकच होता आणि तो सरांचा. आम्हाला सगळ्या बाटल्या सारख्याच दिसत. विष कोणते हे प्यायल्यावर कळे. मग ती जागा वहीत मागच्या पानावर टिपून ठेवायची. आमच्या आयुष्यातील पहिले संदर्भटिपण ते हेच.

आज मागे वळून पाहताना त्या खेळातील एक गोष्ट विशेष वाटते. तो राजपुत्र माणसासारखा धावे. थांबायचे म्हटले तरी दोन पावले पुढे घसरे. उडी चुकली तर कठड्याला बोटांवर लोंबकळे. खेळाचा कर्ता जॉर्डन मेकनर याने आपला धाकटा भाऊ डेव्हिड याला पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला लावले, त्याचे चित्रण केले आणि त्यावरून एकेक हालचाल काढली. १९८९ मध्ये अ‍ॅपल २ या संगणकासाठी खेळ बाहेर आला तोवर ते यंत्र जुने झालेले होते आणि त्याची स्मृती अगदी तोकडी होती. नायकाच्या हालचालींनीच ती भरून गेली. शत्रूसाठी नवी आकृती काढायला जागा उरली नाही. तेव्हा मेकनरने नायकाच्याच आकृतीवर प्रक्रिया करून तिची एक भुतासारखी छाया तयार केली. चौथ्या पातळीवर वाटेत एक आरसा येतो. त्यातून उडी मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि उडी मारताच नायकाची छाया आरशातून निघून उलट दिशेला पळते. पुढे ती आडवी येते, दार लावून घेते, नायकाला खाली पाडते.

बाराव्या पातळीवर ती तलवार उपसून समोर उभी राहते. तिच्यावर वार केला की आपलाच जीव घटतो. तिला ठार मारले तर आपणही मरतो. नाशिकरोडला काय आणि मालेगावात काय, किती दुपारी आम्ही त्या छायेशी लढून मेलो त्याची गणती नाही. सामान्य ग्राहकांना इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, आणि आमच्यापर्यंत ते यायला आणखी काही वर्षे गेली. त्यामुळे कोणाला विचारायची सोय नव्हती. एके दिवशी कंटाळून कोणीतरी खालच्या बाणाची कळ दाबली. तलवार म्यान झाली. छायेनेही तलवार म्यान केली. दोघे एकमेकांकडे धावले आणि एक झाले. साहित्यशास्त्रात साधारणीकरण म्हणजे काय हे आम्ही पुढे एम. ए.ला शिकलो, भट्टनायकाचे मत पाठ केले, आता तेच शिकवतो. परंतु रसिक आणि पात्र यांच्यातील अंतर मिटते म्हणजे नेमके काय होते, हे बोटांना त्या दुपारीच कळलेले होते.

आमचे म्हणणे असे की त्या खेळांतील नायक अपुरा होता, आणि त्या अपुरेपणातच आम्हाला जागा होती. मारिओ चार ठिपक्यांचा, डेव्ह त्याहून ओबडधोबड. त्यांचा चेहरा आम्ही मनाने भरून काढत होतो. त्यांचे धैर्य आमच्या अंगठ्यातून येत होते. ते मरत तेव्हा आमची पंधरा मिनिटे मरत. मृत्यूला किंमत होती, कारण ती आमच्या खिशातून जात होती.

सुपरहिरोंच्या चित्रपटांविषयी आमचे जे आक्षेप आहेत त्यांचे मूळ येथे आहे. २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून सुरू झालेली मार्व्हलची मालिका २०१९ च्या 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम'पर्यंत बावीस चित्रपटांवर पोहोचली. आमच्या विद्यार्थ्यांनी हे सगळे पाहिलेले असतात. त्यांच्या आग्रहाने आम्हीही बरेच पाहिले. त्यांतील कारागिरीला नावे ठेवण्याचे काहीच कारण नाही. तक्रार आहे ती वेगळी. २०१८ च्या चित्रपटात एका चुटकीसरशी विश्वातील निम्मे जीव नाहीसे होतात आणि त्या क्षणीही चित्रपटगृहात कोणी खरोखर शोक करीत नसते. ते पुढच्या भागात परत येणार हे सर्वांना ठाऊक असते. अरिष्ट जितके मोठे तितके ते हलके. शिवाय पडद्यावर सर्व काही इतके पुरे असते, प्रत्येक धूलिकण इतका नीट उडालेला असतो, की प्रेक्षकाने भरायचे असे काही उरतच नाही. आपण तिथे असलो काय आणि नसलो काय, राजपुत्र वर पोहोचणारच.

अपवाद आहेत, आणि तेही आमचेच म्हणणे पुष्ट करतात. सॅम रायमी यांच्या 'स्पायडर-मॅन २' (२००४) मध्ये भरधाव आगगाडी थांबवून बेशुद्ध पडलेल्या नायकाला प्रवासी हातांवर झेलून आत घेतात. त्याचा मुखवटा निघालेला असतो. हा तर एक पोरगा आहे, हे त्यांना दिसते, आणि त्याचे गुपित ते सांभाळण्याचे ठरवतात. सगळ्या सुपरहिरोपटांतून एकच प्रसंग ठेवायचा झाला तर आम्ही हा ठेवू. तिथे नायकाला लोकांची गरज लागते.

मुखवट्याखालचा माणूस दिसणे ही आमच्या जिल्ह्याला मात्र नवी गोष्ट नाही. पेठ, सुरगाणा आणि त्याला लागून असलेल्या मोखाडा-जव्हारच्या पट्ट्यात बोहाडा होतो. सनई आणि संबळ यांच्या तालावर, मशालींच्या उजेडात, रात्रभर देवांची आणि राक्षसांची सोंगे निघतात. रावणाचा अनेक तोंडांचा जड मुखवटा घालून नाचणारा कोण आहे, कोणत्या घराकडे कोणते सोंग पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, हे पाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. म्हणून भक्तीत काही उणे येत नाही. माणूस आणि देव एकाच वेळी दिसतात, आणि पाहणारा दोघांनाही नमस्कार करतो.

त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेल्या आणि १९४४ मध्ये नाशिकला देह ठेवलेल्या दादासाहेब फाळक्यांनी पडद्यावर हेच केले. १९१७ च्या त्यांच्या 'लंका दहन'मध्ये हनुमान आकाशात उडत दूर जातो आणि लहान लहान होत जातो. भारतीय पडद्यावरील उडणाऱ्या महानायकांचा मूळपुरुष शोधायचा तर तो इथे आहे, क्रिप्टॉन नावाच्या ग्रहावर नव्हे. त्याच चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके नावाच्या एकाच नटाने केल्या. हा नट आधी उपाहारगृहात काम करीत असे. स्त्रिया कामाला मिळत नव्हत्या, म्हणून अडचणीतून काढलेली ती वाट होती, मेकनरच्या छायेसारखीच. आणि खुद्द सुपरमॅनचे तरी काय? अमेरिकेतील क्लीव्हलंड या औद्योगिक शहरात स्थलांतरित ज्यू कुटुंबांत वाढलेल्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन पोरांनी तो कल्पिला. १९३८ मध्ये तो छापून आला तेव्हा त्याचे सर्व हक्क त्यांनी १३० डॉलरना विकलेले होते. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांनीच सर्वशक्तिमान नायक कल्पावा, यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

मालेगावचा सुपरमॅन या वंशातला आहे. नासिर शेख हे व्हिडिओ पार्लर चालवत. मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात आणि तो दिवस सिनेमाचा. रोज पाहिलेल्या चित्रपटांतूनच संकलन शिकून त्यांनी २००० मध्ये 'मालेगाव के शोले' काढला. त्यात डाकू घोड्यांऐवजी सायकलींवरून येतात. पुढे त्यांनी सुपरमॅनला हात घातला. ते चित्रपट कसे बनवले जात होते, हे जगाला कळले ते फैझा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या २००८ च्या माहितीपटामुळे. म्हणजे 'आयर्न मॅन' ज्या वर्षी आला त्याच वर्षाचा हा माहितीपट. त्यात आपल्याला दिसते की कॅमेरा उंच न्यायचा तर क्रेनचे काम बैलगाडी करते. सुपरमॅन उडवायचा तर हिरवे कापड टांगून त्यापुढे त्याला आडवा धरतात. चित्रीकरण चालू असताना कॅमेरा पाण्यात पडतो. मध्येच नायकाचे लग्न निघते आणि त्याच्यासाठी सर्वांना थांबावे लागते. नायक म्हणजे शफीक शेख, मागावर काम करणारा, काडीसारखा बारीक तरुण. निळ्या पोशाखावरच्या त्याच्या चड्डीची नाडी बाहेर लोंबत असते. ती आत खोचावी असे तिथे कोणालाही वाटत नाही.

ती नाडी आम्हाला फार आवडली. अमेरिकन सुपरमॅनच्या अंगावर शिवण शोधून सापडत नाही. याची नाडीच बाहेर. बोहाड्यातील सोंगासारखा तो एकाच वेळी सुपरमॅनही असतो आणि मागावरचा शफीकही असतो. चित्रपटातले त्याचे वैर तंबाखूच्या व्यसनाशी आहे. २०११ मध्ये शफीक शेख यांचे कर्करोगाने निधन झाले. माहितीपट भारतातील चित्रपटगृहांत लागला तो त्यानंतर, जून २०१२ मध्ये. राजपुत्र खड्ड्यात पडला तर पातळीच्या आरंभापासून पुन्हा उभा राहतो. इथे तशी सोय नव्हती.

आता त्या पळवाटेकडे येतो.

२०१२ मध्ये हा माहितीपट पाहिल्यानंतर आम्ही दोघेही भारावून गेलो होतो. एम. ए.च्या वर्गात त्यावर बोललो, आणि चांगले बोललो असे आम्हाला वाटले. साधनांच्या अभावातून सर्जन कसे होते, बैलगाडी कशी क्रेन होते, अपुरेपण हेच कसे सौंदर्य ठरते, वगैरे. तास संपता संपता मालेगाव तालुक्यातील एका खेड्यातून येणारी एक विद्यार्थिनी उभी राहिली. वर्गात फारशी न बोलणारी मुलगी. ती म्हणाली, "सर, त्यांना खरी क्रेन मिळाली असती तर त्यांनी बैलगाडी वापरली असती का?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो, आणि प्रश्न चांगला आहे असे म्हणून घंटा झाल्याचा फायदा घेतला.

दोन आठवड्यांनी ती विभागात आली. प्रकल्पाचा विषय तिने ठरवलेला होता: मालेगावचे विडंबनचित्रपट आणि मराठीतील विडंबनाची परंपरा. केशवकुमारांची 'झेंडूची फुले' १९२५ मध्ये आली. कवितेच्या रूढ थाटाची टर उडवताना त्या थाटावर असलेले प्रेमही विडंबनात दडलेले असते, असे तिचे म्हणणे होते, आणि 'मालेगाव के शोले'मधील सायकलीही 'शोले'वरच्या प्रेमातूनच आलेल्या आहेत, हे तिला दाखवायचे होते. शिवाय तिचे मामा मालेगावात एका मागवाल्याकडे हिशेबनीस होते. त्यांच्या ओळखीने काही प्रेक्षकांशी बोलून तिने एका दोनशेपानी वहीत टिपणेही काढलेली होती.

आम्ही नकार दिला. हे चित्रपट मराठी नाहीत, त्यांची भाषा उर्दू-हिंदी, तेव्हा मराठी विभागात हा विषय बसायचा कसा? बहिःस्थ परीक्षक काय म्हणतील? ही कारणे आम्ही तिला शांतपणे, समजुतीच्या स्वरात सांगितली. "तुझ्या भल्यासाठीच सांगतोय गं," असेही म्हणालो. ती वाद घालणाऱ्यांतली नव्हती. "बरं सर, बरं मॅडम," म्हणून गेली. तिने पुढे एका ग्रामीण कथाकारावर प्रकल्प केला. व्यवस्थित केला. आम्ही तिला व्यवस्थित गुण दिले.

चहाच्या टपरीवर राजपुत्राच्या गोष्टी रंगवताना आमच्या मनाच्या तळाशी हे पडलेले होते. ज्या अपुरेपणावर वर्गात टाळ्या घेतल्या, ते अपुरेपण विषयपत्रिकेच्या रूपाने टेबलावर आले तेव्हा आम्हाला चालले नाही. दुरून पाहायला बैलगाडी छान. आपल्या दारात ती नको. आणि तिने वर्गात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही आम्हाला तेव्हापासून ठाऊक होते. क्रेन मिळाली असती तर त्यांनी अर्थातच क्रेन वापरली असती. मेकनरला अधिक स्मृती मिळाली असती तर त्यानेही शत्रूसाठी निराळी आकृती काढली असती, आणि आम्ही कदाचित त्या छायेला मुकलो असतो. म्हणून त्याच्या यंत्राचे तोकडेपण काही पूज्य ठरत नाही. टंचाईतून मार्ग काढणाऱ्याला मान द्यावा. टंचाईची आरती करू नये. एकरंगी मॉनिटरसमोर विष पिऊन मरण्यात आज आम्हाला गंमत वाटते, कारण आम्ही त्यातून सुखरूप बाहेर आलो, नोकरीला लागलो, आणि ती गंमत सांगायला टपरीवर बसू शकलो.

या स्मरणरंजनाच्या कडेला आणखी एक गोष्ट आहे. आमच्यापैकी जो सुट्टीत मालेगाव कॅम्पात राहायला जाई, त्याला मोसम नदीचा पूल ओलांडून पलीकडे गेल्याचे आठवत नाही. पलीकडे माग होते, मुसलमान वस्ती होती, व्हिडिओ पार्लर होते. रात्री गच्चीवर झोपल्यावर वारा तिकडून असला की मागांची खटखट ऐकू येई. मावशी 'तिकडे' एवढेच म्हणे आणि आम्हाला पुरेसे कळे. राजपुत्राच्या बाराही पातळ्या चढून गेलेल्या मुलाने तो पूल कधी ओलांडला नाही. २००६ आणि २००८ च्या बाँबस्फोटांच्या बातम्यांतून पुढे ते गाव साऱ्या देशाला कळले; आमच्यासाठीही ते बहुधा तेवढेच राहिले. अठरा वर्षे मराठीच्या विभागात बसून आम्ही 'आपल्या जिल्ह्याची सांस्कृतिक परंपरा' या विषयावर बरीच व्याख्याने दिली. त्यांत फाळके होते, बोहाडा होता, मालेगाव नव्हते. तिच्या विषयाला आम्ही भाषेच्या कारणावरून नाही म्हटले खरे, पण त्या कारणामागे तो पूलही होता, असे आता वाटते.

चित्रपट पाहिल्यानंतर आठवड्याभराने आम्ही तिला फोन केला. ती आता कळवण तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. आम्ही 'सुपरबॉईज' पाहिलास का, असे विचारले. नव्हता पाहिला. शाळेच्या परीक्षा चालू होत्या, घरी सासूबाईंचे दुखणे होते. आम्ही काही क्षमायाचनेसारखे बोलू लागलो, तेव्हा ती संकोचली. "असू द्या मॅडम, जुनी गोष्ट झाली," म्हणाली. मग थोडे थांबून म्हणाली, "माझी ती वही तुमच्याकडेच राहिलीय का हो? निळ्या पुठ्ठ्याची. मामा गेले मागच्या वर्षी. त्यांनी सांगितलेलं त्यात बरंच आहे."

वही आमच्याकडे आहे याचे आम्हाला भानही नव्हते. विभागाच्या लोखंडी कपाटात, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांखाली ती सापडली. वाळवी लागलेली नव्हती, एवढे नशीब. त्या संध्याकाळी आम्ही ती पहिल्यांदा वाचली. पहिल्यांदा, हे लिहिताना हात अडखळतो. विषय नाकारताना आम्ही ती उघडून पाहिलीच नव्हती. चौऱ्याऐंशी पाने भरलेली. कोणत्या पार्लरमध्ये किती तिकीट, कोणत्या प्रसंगाला शिट्ट्या, कोणत्या प्रसंगाला शांतता. मामांच्या तोंडचा एक मजकूर तिने जसाच्या तसा उतरवून घेतला होता. पडद्यावरची माणसे आपल्याच गल्लीतली असतात, असे ते सांगतात. म्हणून हिरोला मार पडला की आधी हसू येते, आणि मग मनात येते की उद्या हा पाळीवर वेळेत जाईल ना. सुपरहिरोपटांविषयी आम्ही वर जे काही दोन पानांत मांडले, ते मामांनी या एका वाक्यात सांगून ठेवले होते, आणि ते तेरा वर्षे आमच्या कपाटात पडून होते.

वहीच्या पहिल्या पानावर तिच्या वळणदार अक्षरात विषयाचे शीर्षक आहे. त्याखाली तांबड्या शाईत शेरा आहे: 'विषय मराठीच्या कक्षेत बसत नाही. दुसरा निवडावा.' अक्षर आमच्यापैकी एकाचे, सही दुसऱ्याची. कळांची वाटणी इथेही झालेली होती.

तो शेरा खोडावा, असे एकदा मनात आले. पांढरी शाई टेबलावर होती. बराच वेळ आम्ही दोघे ते पान पाहत बसलो. शेवटी तो तसाच राहू दिला, कारण खोडला असता तर वहीचा खरा इतिहास पुसला गेला असता आणि आमची फक्त सोय झाली असती. त्याखाली निळ्या शाईत आणखी एक ओळ लिहिली की हा शेरा चुकीचा होता, आणि दोघांनीही तारखेसह सह्या केल्या. सगळ्या पानांची झेरॉक्स विभागात ठेवून मूळ वही दुसऱ्या दिवशी रजिस्टर्ड पोस्टाने कळवणला पाठवली. ती पीएच.डी.साठी नोंदणी करील की नाही हे तिच्या सवडीवर आणि इच्छेवर आहे. पोच मात्र आली: "वही मिळाली. आता सुट्टीत सिनेमा बघते."